मामाच्या भारंभार लिमलेट

माझ्या केरबामामाला शुगर आहे. म्हणून त्याच्या वजनाइतक्या लिमलेटच्या गोळ्या गावाला वाटायच्या, असं राहीबाईमामीनं ठरवलं. या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं मामीशी स्वतः बोलावं. मी बोललो. काही उपयोग झाला नाही.

मामा आमच्या चिंचखिंडीच्या तालमीचा वस्ताद. विट्याच्या पुढं माळावर आमचं गाव आहे आणि गावात बघण्यासारख्या दोनच गोष्टी, एक पिराचं ठाणं आणि दुसरा मामा. गडी बरोबर क्विंटलभर. वीस वर्षांत ना किलो वाढला, ना किलो घटला. गावातल्या भुसार दुकानदारांना आपला काटा खरा आहे का खोटा याची शंका आली की ते मामाला चहाला बोलवायचे आणि चहा झाला की काट्यावर बसवायचे.

थंडीच्या अखेरीला मामाला न्यूमोनिया झाला. आधीच शुगर, त्यात हा. सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या दाराआड ठेवलं. सिस्टरनं मामाच्या बंडीच्या खिशातलं सामान काढून मामीच्या ओंजळीत दिलं. त्यात मोबाईल होता, तालमीची किल्ली होती आणि मूठभर गोळ्या होत्या. कागद नसलेल्या, साखर लावलेल्या, संत्र्याच्या फोडीसारख्या दिसणाऱ्या, त्या आपल्या जुन्या लिमलेटच्या गोळ्या. वर्षभर मामा मामीसमोर बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचा तो कशाच्या जोरावर, हे तेव्हा कळलं.

दुसरी एखादी बाई चिडली असती. मामीही चिडली, पण चिडायला माणूस शुद्धीवर पाहिजे. म्हणून तिनं गोळ्या मुठीत धरल्या आणि पिराला सांगितलं, "ह्यास्नी घरला धाड. ह्यांच्या भारंभार ह्याच गोळ्या वाटीन."

पिरानं धाडलं. पिराकडं डॉक्टरी शिक्षण नसल्यामुळं आहारतज्ज्ञाचं मत त्यानं घेतलं नसावं.

मी साताऱ्यात राहतो. माझा छोटा हत्ती आहे, म्हणजे टेम्पो. सातारा-सांगली भाजीपाला, फर्निचर, एकदा एक नवरदेव, असं जे मिळेल ते वाहतो. नवसाचं कळलं तेव्हा मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, नमुना दाखवावा.

"आवं मामी, नवसाची तुला पेढ्यांची करत्यात. चारचौघात बरं दिसतंय. गोळ्यांची तुला कुणी ऐकली तरी हाय का?"

मामीनं एक पेढा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि डबा फडताळात ठेवला. "चांगलं हायती. पन मी पिराला गोळ्या बोलल्या. तू साताऱ्याच्या गाडीचं तिकीट काढलंस अन् कंडक्टरनं जतला न्हेऊन सोडलं, तर चालंल का तुला?"

"एकदा सोडलंय."

"मग त्याला काय म्हनलास?"

मी त्याला जे म्हणालो ते पिराच्या संदर्भात सांगण्यासारखं नव्हतं. विषय तिथंच संपला.

पण खरा विषय गोळ्यांचा नव्हताच. मामा-मामींची एकुलती एक लेक प्रियदर्शनी तिकडं दक्षिणेत सेलमला असते. जावई धैर्यशीलचं तिथं गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं दुकान. आमच्या भागातली निम्मी माणसं या धंद्यापायी मुलखात पांगली आहेत. प्रियदर्शनीला लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. सासू वारलेली. घरात धैर्यशील. त्याला सोनं वितळवता येतं, पेज करता येत नाही. पोरगी रोज फोनवर आईला म्हणायची, "आई, तू ये गं. मला भ्या वाटतंय."

आणि मामी रोज म्हणायची, "येती, येती." मग फोन ठेवायची आणि मामाकडं बघायची.

मामा ओरडायचा, "माझ्याकडं काय बघतीयास? मला काय धाड भरलीय? जा की!"

"पिराम्होरं नवसाची तुला करती," मामी म्हणाली. "काटा काय ते सांगंल. पयल्यागत भरून आला असशीला तर जाती. न्हाई तर न्हाई. तुमाला असं सोडून मी कुठंबी जायाची न्हाई."

हे तिनं एकट्या मामाला सांगितलं असतं तर वेगळं. तिनं दळपाच्या गिरणीत सांगितलं. म्हणजे ठरावच पास झाला.

इकडं मामानं दवाखान्यातून आल्यापासून अंगावरचा स्वेटर काढलेला नव्हता. स्वेटरवर कोट, कोटावर उपरणं. ऊन मी म्हणत होतं. विचारलं तर म्हणायचा, "न्यूमोनिया थंडीचा अस्तोय." आंघोळीला दार लावून घ्यायचा आणि आत मोठमोठ्यानं शड्डू ठोकल्यासारखा आवाज काढायचा. तो बादलीवर तांब्या आपटून काढलेला आवाज होता, हे मला नंतर कळलं.

एके दिवशी त्याचा फोन आला. "शिवा, गाडी घिऊन ये. सांगलीला जायाचंय. मामीला म्हनावं, निसत्या गोळ्या बघायला चाललोय."

गणपती पेठेत निजामभाईंचं दुकान आहे. गोळ्या, बिस्किटं, बत्तासे, चुरमुरे, सगळं ठोक. दुकानात शिरलं की नाकाला आधी गोड वास येतो आणि मग निजामभाई दिसतात, तेही बरण्यांच्या फटीतून. मामाची त्यांची जुनी ओळख. कुस्तीच्या मैदानात मामा लढायचा तेव्हा निजामभाई बाहेर रेवड्या विकायचे.

मी खिशातून एक गोळी काढून दाखवली. निजामभाईंनी ती उजेडात धरली, हुंगली आणि मामाकडं बघितलं.

"ही गोळी? वस्ताद, ही आता कोण खातंय?"

"मी," मामा म्हणाला आणि लगेच, "म्हंजे खात हुतो."

"माझा भाऊ काढतो मिरजेला. ऑर्डर आली तरच. पण दोन-चार किलोसाठी भट्टी पेटवत नाही तो. काढली तर घाणच्या घाण, म्हणजे भट्टीची अख्खी खेप, घ्यावी लागंल."

"किती निघंल एका घाणीत?"

"तुम्हाला किती पायजे?"

"माझ्या भारंभार."

निजामभाईंनी हिशोब करायला मामाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि खालपर्यंत यायला त्यांना पूर्वीपेक्षा कमी वेळ लागला असावा.  ते म्हणाले, "चढा जरा काट्यावर."

दुकानाच्या दारातच पोती मोजायचा काटा होता. मामानं कोट काढला, स्वेटर काढला, आत आणखी एक स्वेटर होता तोही काढला. मग बंडीतला मामा काट्यावर उभा राहिला. मी आकडा बघितला. निजामभाईंनी बघितला. मामानं सर्वांत शेवटी बघितला.

अठ्ठावन्न.

"काटा बिघडलाय तुमचा," मामा म्हणाला.

निजामभाई स्वतः चढले. त्यांचं वजन बरोबर आलं. मग मी चढलो. माझंही बरोबर आलं. मग आम्ही तिघंही काट्याकडं बघत उभे राहिलो, जसं काही चौथं कुणीतरी येऊन चढणार होतं.

मामा पोत्यावर बसला. "सपान पडतंय मला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पोरगी एकटी हाय सेलमला, अन् ही हितं माझ्यासाठी लापशी ढवळत बसलीया. आठ वर्सांनी पोरीला दिस गेल्यात रं. आन मी असा वाळलोय. हिनं काट्यावर मला बघितलं तर ही न्हाई जायाची. दोर लावून वढली तरी न्हाई जायाची." मग त्यानं निजामभाईंकडं बघितलं. "पोती जुन्याच वजनाची भर. क्विंटलभर. माझ्या बाजूचं माझं मी बघतो."

निजामभाईंनी पाणी मागवलं आणि विषय बदलावा म्हणून गोळीचा इतिहास सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाईक रडायला आलं की ते असंच करत असावेत.

"वस्ताद, आमचे आजोबा खडीसाखर करायचे. पाक करून दोरे सोडायचे आणि हात लावायचा नाही. खडीसाखर म्हणजे निवांत बसू दिलेली साखर. मग बत्तासे केले, उरसासाठी. मग पाडव्याच्या गाठी. मग वडिलांना कुणीतरी सांगितलं, पाकात लिंबू पिळ. लिंबू पडलं की साखरेला दाणा धरता येत नाही. बसायला जागाच मिळत नाही तिला. तशीच गरम गरम ओढायची, साच्यात दाबायची. झाली गोळी. काचेसारखी. तवा शाळेसमोर बरणी नाही असं दुकान नव्हतं."

"मग बंद का पडली?" मी विचारलं.

"बंद नाही पडली. कागदवाल्या गोळ्या आल्या तरी चालत होती. सुट्टे नसले की दुकानदार रुपयाच्या जागी गोळी द्यायचा. निम्मी विक्री तीच. कुणी मागत नव्हतं, सगळे घेत होते." त्यांनी गल्ल्यावरच्या चौकोनी काळ्या ठिपक्यांच्या पाटीकडं बोट केलं. "मग हे आलं. फोन दाखवला की पैसे पुरे. सुट्ट्याचा प्रश्न मिटला, गोळीचा पण मिटला."

"म्हंजे माझ्यागत झालंय गोळीचं," मामा म्हणाला.

"तुमचं काय मिटलेलं नाही वस्ताद. पाणी घ्या."

घाण काढायला आठवडा लागणार होता. जाताना निजामभाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नवसाची तुला कधी आहे? येत्या गुरुवारी? बघतो मी." त्या 'बघतो मी'कडं मी तेव्हा दुर्लक्ष केलं. ठोक व्यापारी ते दिवसातून शंभर वेळा म्हणतात.

मामाची योजना साधी होती. तालमीची किल्ली त्याच्याचकडं. तालमीत पोरांनी हल्ली डंबेल्स आणि लोखंडी चकत्या आणल्या होत्या. बुधवारी आम्ही त्यातल्या लागतील तेवढ्या चकत्या टेम्पोत घातल्या. गुरुवारी पहाटे मामी सारवायला पिराच्या ठाण्यावर गेली, तसं आम्ही गोठ्यात दार लावून घेतलं.

माणसाला लोखंड बांधणं दिसतं तितकं सोपं नाही. पोटाला दोन चकत्या पुढून, दोन मागून, वर धोतराचे वेढे. दोन्ही मांड्यांना एकेक. राहिलेल्या कोटाच्या आतल्या खिशात. म्हैस आमच्याकडं बघत होती. आम्ही तिला काही सांगितलं नाही. शेवटी मामा बटणं लावून उभा राहिला तेव्हा तो खरोखर जुना मामा दिसत होता. अडचण एकच होती, त्याला चालता येत नव्हतं.

"आता?" मी म्हटलं.

मामा घामानं निथळत होता. "मिरवनूक काढ," तो म्हणाला. "माझ्या नवसाची तुला हाय. चालत कशापायी जाऊ?"

मग मी बाळासोला फोन लावला. बाळासो मामाचा पठ्ठा पैलवान, मानेपासून खांद्यापर्यंत वेगळा भाग नसलेला. तो आणखी एका पैलवानाला घेऊन आला आणि हलगीवालाही. दोघांनी खाली बसून मामाला खांद्यावर घेतलं आणि उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उठले तेव्हा बाळासोचा चेहरा बिटासारखा झाला होता.

"वस्ताद," तो दातांतून म्हणाला, "दवाखान्यात काय चारत हुते वो?"

"गप चाल."

"न्हाई, लय भरलाय म्हनलं. पयल्यापेक्षा जड लागताय."

हे तो पिराच्या ठाण्यापर्यंत दर दहा पावलांनी ओरडत गेला आणि गावानं ऐकलं. बायका दारात येऊन म्हणायला लागल्या, "राहीबाई सुटली गं! गडी भरून आला!" वरून मामा हात जोडत होता. हात जोडताना कोपर चकतीवर आपटून 'ठण्ण' असा आवाज यायचा. मी दरवेळी हलगीवाल्याला जोरात वाजवायला सांगायचो.

पिराच्या ठाण्यापाशी चिंच आहे. तिच्या फांदीला विट्याच्या लाकूड वखारीतला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात निजामभाईंची दोन पोती लागली होती, तोंडं शिवलेली, वर गुलाल. उरूस नसूनही उरूस भरला होता. आजूबाजूच्या तीन वाड्यांची पोरं आली होती, कारण गोळ्यांच्या तुलेची बातमी कुठल्याही निवडणुकीपेक्षा वेगानं पसरली होती.

मामी पुढं उभी होती. नवी इरकल, हातात उदबत्त्या. तिनं मामाकडं बघितलं. उदबत्त्या पेटवल्या.

तेवढ्यात स्कूटर थांबली आणि निजामभाई उतरले. स्टँड न लावताच माझ्याकडं धावले. स्कूटर मागं आडवी झाली.

"बसले का वस्ताद?"

"बसतायत की आता."

"बरं झालं. घाबरू नका सांग त्यांना." ते माझ्या कानाशी आले. "पोत्यात खाली चुरमुरे भरलेत मी. वर निसत्या गोळ्या. दोन्ही मिळून सत्तरसुद्धा नसंल. उरलेल्या गोळ्या दुकानात वेगळ्या बांधून ठेवल्यात, देवाचं देवाला पोचंल. पण वस्तादांचं पारडं खाली जाणारच. हसत बसा म्हणावं."

मी निजामभाईंकडं बघितलं. मग मामाकडं बघितलं. बाळासो त्याला पारड्यात ठेवत होता.

"निजामभाई," मी म्हटलं, "मामानं चाळीस किलो लोखंड बांधलंय."

निजामभाईंनी डोळे मिटले. ते काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही, पण पिराच्या ठाण्यापाशी ते योग्यच असणार.

"थांबा!" मी ओरडलो. नेमकी त्याच वेळी बाळासोनं मामाला सोडलं.

मामाचं पारडं खाली आलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते जमिनीवर पडलं. दुसरं पारडं वर उडालं, पोती चिंचेच्या फांदीला लागली, एकाची शिवण उसवली आणि आधी गोळ्या, मग चुरमुरे, मग सगळं एकत्रच गावावर कोसळलं. पोरांना आनंद कुठं ठेवावा कळेना. एका म्हाताऱ्यानं पटक्यात चुरमुरे झेलले आणि म्हणाला, "अरारारा, पिराला दया आली."

इकडं मामाच्या कोटाची बटणं एकेक करून गेली. धोतराचा वेढा सुटला. पहिली चकती बाहेर आली, उभीच घरंगळत गेली, गोल फिरली आणि मामीच्या पायापाशी येऊन आडवी झाली. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'चिंचखिंड तालीम, हात लावू नये.'

हलगी थांबली.

मामी खाली वाकली. तिनं चकती उचलून बघितली, जवळच्या दगडावर ठेवली आणि मामापाशी गेली.

"काढा," ती म्हणाली.

"काय काढू?"

"समदं."

मामानं एकेक चकती काढून दिली. मामी घ्यायची आणि दगडावर रचायची. कुणीही हसत नव्हतं. पहिल्या दोनतीन चकत्यांना पोरं खिदळली होती, पण नंतर कोट सैल झाला, मग स्वेटर सैल झाला आणि आतला माणूस दिसायला लागला, तशी तीही गप झाली. बाळासो तर तोंड फिरवून चिंचेची साल सोलत बसला. त्याच्या वस्तादाचे खांदे त्यानं असे कधी बघितले नव्हते.

"चुरमुरं बाजूला काढा," मामी म्हणाली. "पिराला मी चुरमुरं बोलले न्हवते. निसत्या गोळ्या घाला. ह्या लबाडानं बाकीच्या दुकानात ठेवल्या असत्याल, त्याबी संध्याकाळपातूर आल्या पायजेत."

लबाड निजामभाईंनी मान डोलावली.

पुन्हा तुला झाली. मामा नुसत्या बंडीत बसला, गुडघे जवळ घेऊन. समोर गोळ्या पडत गेल्या. एक पोतं भरलं, थोड्या वर पडल्या आणि तराजूची दांडी आडवी झाली. एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात का नाही हे न कळून अर्ध्या वाजवल्या.

मामा पारड्यातूनच बोलला, खाली बघत. "तू जावंस म्हनून केलं. पोरगी भेलीय तिकडं. मी काय, तालमीतली पोरं भाकरी आनून देतील."

"मला ठाव न्हवतं व्हय वजन?" मामी म्हणाली. "दवाखान्यात तुमची कूस कोन बदलत हुतं? रोज उचलत हुते मी. रोज हलकं व्हताना बघितलंय."

मामानं मान वर केली. "मग काटा सांगंल म्हनून गावभर कशापायी सांगितलंस?"

"तुमी स्वेटर काढावा म्हनून! दवाखान्यातनं आल्यापास्नं माझ्याफुडं लपवताय. शड्डू काय ठोकताय, बादली काय बडवताय. माझ्याजवळ एकदा तरी म्हनला का, राही, मला बरं वाटंना?"

 मामा पारड्यात बसून होता आणि दांडी वाऱ्यानं थोडी थोडी हलत होती.

"म्हंजे तू जात न्हाईस," तो म्हणाला.

"जाती की. उद्याच जाती. तुमालाबी न्हेती."

"मला?"

"पयल्यागत क्विंटलभर असतासा तर हितंच टाकून जावं लागलं असतं. गाडीत चढवाय चार मानसं लागली असती. आता काय, काखेत मारून चढवती."

आता मात्र गाव हसलं. सगळ्यात मोठ्यानं बाळासो हसला, पण तो डोळेही पुसत होता.

मामा पारड्यातून उतरला आणि त्यानं कारणं काढायला सुरुवात केली. म्हैस? मामीनं माझ्याकडं बोट केलं. मला म्हशीतलं काही कळत नाही हे मी सांगितलं, ते कुणी विचारात घेतलं नाही. तालीम? बाळासोनं किल्लीसाठी हात पुढं केला. मग मामा एकदम ताठ झाला, कारण त्याला खरं कारण सापडलं होतं.

"लेकीला मूल व्हईपातूर बापानं तिच्या घरचं पानी प्याचं नसतंय. माझा बा प्याला न्हाई. आज्जा प्याला न्हाई. मी न्हाई पेनार."

आमच्याकडं जुनी माणसं हे पाळतात. लेकीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं ते नातवंडाचं तोंड बघून. प्रियदर्शनीच्या लग्नानंतर मामा एकदाही सेलमला गेला नव्हता तो यामुळंच. गाव गंभीर झालं. दोनतीन म्हाताऱ्यांनी मान हलवली. मामीनं पदर खोचला.

"मग आपलं पानी न्हेऊया," ती म्हणाली.

"सेलमला?"

"व्हय. आपल्या हिरीचं. कॅनात. जवारीचं पीटबी आपलंच. मी करीन, तुमी खावा. तिच्या घरचा निसता वारा घ्या."

म्हाताऱ्यांनी बसून चर्चा केली. वाऱ्याबद्दल कुणाच्या आज्ज्यानं काही सांगितलेलं नव्हतं. चालतंय, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिरजेला गाडीत बसवलं. एक पिशवी मामीची, एक मामाची आणि पाण्याचे चार कॅन. शेजारच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, "सेलमला पाणी मिळत नाही का?" मामा म्हणाला, "मिळतंय, पन आमची अजून वळख न्हाई."

चार कॅन किती दिवस पुरणार? पाचव्या दिवशी मामीचा फोन आला, पानी सपत आलंय. आमच्या विट्यातून गलाईवाल्यांसाठी दक्षिणेकडं ट्रॅव्हल्स जातात. मी म्हशीचं दूध काढायचो (म्हैस आणि मी आता एकमेकांना सहन करत होतो), विहिरीचं पाणी भरायचो आणि कॅन विट्यात नेऊन बसच्या डिकीत ठेवायचो. ड्रायव्हरनं पहिल्यांदा विचारलं, "तीर्थ हाय का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून तो चप्पल काढून कॅन उचलायचा.

असं महिनाभर चाललं. एका सकाळी मी दोन कॅन भरून विट्यात पोचलो. डिकी उघडी होती, ड्रायव्हर अनवाणी उभा होता आणि माझा फोन वाजला.

"शिवा," मामी म्हणाली. मागं कुठंतरी भांडं पडलं आणि बारीक, चिरका, न थांबणारा आवाज येत होता. "आता पानी धाडू नगंस."

"काय झालं मामी? पोरगा का पोरगी?"

"पोरगी. अन् प्रिया बरी हाय. ह्यांनी समद्यांच्या आदी तिचं तोंड बघितलं, अन् तांब्या तोंडाला लावलाय तो खालीच ठेवंनात. आवं, पुरं! ठसका लागंल!"

ड्रायव्हरनं विचारलं, "टाकू का आत?"

मी म्हटलं, नको, आणि दोन्ही कॅन त्याच्या गाडीच्या तापलेल्या इंजिनापुढं, रस्त्यातच, ओतून टाकले. तो बघतच राहिला. त्याच्या लेखी तीर्थ होतं ना ते.